देशाची वीज बदलायची तर पहिले टेंडर कशाचे काढावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एखाद्या देशाने आपली सगळी वीज पंचवीस-तीस वर्षांत नवीकरणीय स्रोतांतून मिळवायची ठरवली, तर सुरुवात कुठून करावी? आणि सौर पॅनेल, बॅटऱ्या एवढ्या स्वस्त झालेल्या असताना या कामाला इतकी वर्षे का लागावीत? माझी नोकरीची बहुतेक वर्षे भार प्रेषण केंद्रात, म्हणजे विजेची मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळवणाऱ्या कक्षात, आणि पारेषणाच्या, म्हणजे वीज लांबवर नेणाऱ्या वाहिन्यांच्या, नियोजनात गेली, त्यामुळे माझे उत्तर तारांच्या बाजूने येईल. ही बाजू एरवी फारशी ऐकायला मिळत नाही, आणि माझ्या मते बराचसा उशीर तिथेच होतो.

सुरुवात सर्वांत सावकाश होणाऱ्या कामापासून करावी. जमीन ताब्यात असली की मोठा सौर प्रकल्प वर्ष-दीड वर्षात वीज देऊ लागतो. तीच वीज शहरापर्यंत नेणाऱ्या 400 किंवा 765 किलोव्होल्टच्या वाहिनीला मात्र मार्गाची आखणी, वनखात्याची परवानगी, शेकडो जमीनमालकांशी बोलणी आणि मध्येच उभे राहणारे कोर्टकज्जे, हे सगळे पार करताना सात-दहा वर्षे सहज लागतात. डोंगरातल्या उदंचन जलविद्युत प्रकल्पाची, म्हणजे जास्तीच्या विजेने पाणी वर चढवून गरजेला ते खाली सोडणाऱ्या प्रकल्पाची, गतही तशीच. मोठे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) आज मागवले तरी ते कारखान्यातून निघायला दोन-तीन वर्षे लागतात, कारण सध्या जगभरातून एकदमच मागणी आली आहे. म्हणजे 2035 साली ज्या वाहिनीवाचून अडणार आहे, तिचे टेंडर आत्ता निघायला हवे. आणि आत्ता तर त्या वाहिनीवरून न्यायला वीजच नसते! रिकाम्या वाहिनीवर हजारो कोटी का घालायचे, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो, आणि त्याला ठाम उत्तर देणारे कोणी नसले की फाइल पुढच्या वर्षावर जाते. अशी तीन वर्षे गेली की पुढे कितीही पैसा ओतला तरी ती भरून निघत नाहीत.

आधी मोजमापाबद्दल बोलतो, कारण बराच गोंधळ तिथूनच सुरू होतो. घोषणा मेगावॉटमध्ये होतात, बिल युनिटमध्ये येते. 1,000 मेगावॉटचा सौर प्रकल्प चांगल्या उन्हाच्या प्रदेशात वर्षभराच्या सरासरीने क्षमतेच्या 20 टक्क्यांच्या आसपास चालतो, म्हणजे वर्षाला सुमारे 175 कोटी युनिट देतो. तेवढ्याच क्षमतेचे औष्णिक केंद्र 70 टक्के चालले तर 600 कोटींच्या वर युनिट देते. भारताने जून 2025 मध्ये स्थापित क्षमतेतला बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा, तेल, वायू सोडून उरलेला, वाटा 50 टक्क्यांपर्यंत नेला. हे खरोखर मोठे काम आहे आणि ठरलेल्या मुदतीच्या पाच वर्षे आधी झाले आहे. पण प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेत हा वाटा, अणुवीज आणि मोठी धरणे धरूनही, साधारण चतुर्थांश आहे. त्यामुळे कोणत्याही देशाचे उद्दिष्ट ऐकले की ते क्षमतेचे आहे की युनिटांचे, हे आधी विचारावे. योजना युनिटांत मांडली की किती वाहिन्या लागतील, किती साठवण लागेल, संध्याकाळी काय करायचे, हे प्रश्न आपोआप कागदावर येतात. मेगावॉटमध्ये मांडली की ते झाकले जातात.

वाहिन्यांशिवाय क्षमता उभारली की काय होते, हे चीनच्या गान्सू प्रांतात स्पष्ट दिसले. तिथे वारा भरपूर, जमीन मोकळी, आणि पवनचक्क्या भराभर उभ्या राहिल्या. मागणी मात्र हजार-दोन हजार किलोमीटर लांब. 2016 साली त्या प्रांतातली 43 टक्के पवनऊर्जा वापराविना गेली. वारा वाहत होता, यंत्रे धडधाकट होती, फक्त वीज न्यायला जागा नव्हती. 2017 मध्ये गान्सूतल्या ज्युच्वानपासून हुनानपर्यंत 800 किलोव्होल्टची, सुमारे 2,400 किलोमीटर लांबीची एकदिश प्रवाहाची (डीसी) वाहिनी सुरू झाली आणि पुढच्या वर्षांत हे वाया जाणे कमी होत गेले.

याच्या उलट क्रम टेक्सासने लावला. 2005 साली कायदा झाला, वारा कुठे चांगला आहे त्या पट्ट्यांची आधी निवड झाली, 2008 मध्ये वाहिन्यांची योजना मंजूर झाली आणि 2014 च्या सुरुवातीला सुमारे 5,800 किलोमीटरच्या वाहिन्या तयार झाल्या. 18,500 मेगावॉट वाहून नेण्याची सोय, खर्च जवळपास 7 अब्ज डॉलर, आणि तो सगळ्या ग्राहकांच्या वीजदरात वाटून टाकला. विशेष म्हणजे मंजुरीच्या वेळी त्यातल्या बऱ्याच पवनचक्क्या उभ्याही नव्हत्या. तारा पोचणार हे पक्के झाल्यावर गुंतवणूकदार आपोआप आले. हा निर्णय हरित उत्साहातून आलेला नव्हता, स्वस्त वीज शहरांकडे यावी एवढाच त्यामागचा हिशेब होता. माझ्या दृष्टीने नियोजनाचा हा आजवरचा सर्वांत चांगला धडा आहे.

जर्मनीने इतक्या गोष्टी नीट केल्या, पण वाहिनीपाशी ती अडली. 2000 सालच्या कायद्याने सौर आणि पवनऊर्जेला वीस वर्षांचा हमीदर दिला, तेव्हा नवीकरणीय विजेचा वाटा 6 टक्क्यांच्या आसपास होता. 2023 मध्ये तो निम्म्याच्या वर गेला. जगात पॅनेल स्वस्त होण्यामागे जर्मन ग्राहकांनी त्या काळात भरलेल्या पैशांचा मोठा वाटा आहे, आणि त्याबद्दल बाकीच्या जगाने त्यांचे ऋण मानायला हवे. पण वारा उत्तरेला आणि कारखाने दक्षिणेला. दोन्ही जोडणारी सुमारे 700 किलोमीटरची ‘स्यूडलिंक’ वाहिनी 2022 पर्यंत पूर्ण व्हायची होती. मनोऱ्यांना गावोगावी विरोध झाला, 2015 मध्ये अशा वाहिन्या शक्यतो जमिनीखालून नेण्याचा कायदा झाला, सगळी आखणी नव्याने झाली आणि मुदत 2028 च्या अखेरीपर्यंत गेली. दरम्यान वारा जोरात असतो तेव्हा उत्तरेतल्या पवनचक्क्या थांबवायच्या, त्यांना भरपाई द्यायची, आणि दक्षिणेतली केंद्रे जास्त दराने चालवायची. हा खर्च दरवर्षी अब्जावधी युरोंत जातो. गावकऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मनोरा आपल्या शेतात, वीज मात्र दुसऱ्याच्या कारखान्यात, अशी वाटणी असेल तर विरोध होणारच. त्यांच्याशी बोलणी आखणीच्या आधी सुरू व्हायला हवी होती.

आता जरा तांत्रिक भागात शिरतो, कारण इथे अगदी लहान चूकही अख्खे राज्य अंधारात टाकू शकते.

28 सप्टेंबर 2016, दक्षिण ऑस्ट्रेलिया. दुपारचे पावणेचार वाजले होते. टॉर्नेडोच्या वाऱ्याने 275 किलोव्होल्टच्या तीन वाहिन्यांचे नुकसान केले. दोन मिनिटांत व्होल्टेज सहा वेळा खाली गेले. असे झटके आले तर पवनचक्क्यांनी ग्रिडला चिकटून राहावे अशी अपेक्षा असते, आणि पहिल्या काही झटक्यांना त्या राहिल्याही. पण त्यांच्या नियंत्रण प्रणालीत एक सेटिंग होते: ठरावीक वेळात ठरावीक संख्येपेक्षा जास्त झटके आले तर यंत्राने स्वतःला वाचवावे. ही संख्या ओलांडली आणि सात सेकंदांच्या आत नऊ पवन प्रकल्पांचे 456 मेगावॉट कमी झाले. ती तूट भरायला शेजारच्या व्हिक्टोरियाकडून येणाऱ्या वाहिनीवर एकदम भार वाढला, संरक्षण प्रणालीने तीही तोडली. एकटी पडलेली यंत्रणा इतक्या वेगाने घसरली की आपोआप होणाऱ्या भारकपातीलाही अवसर मिळाला नाही. साडेआठ लाख ग्राहकांची वीज गेली.

यात पवनऊर्जा ‘बेभरवशाची’ ठरली असे त्या वेळी बरेच जण म्हणाले. ते खरे नाही. वारा होता, यंत्रे ठीक होती. ते सेटिंग ग्रिड चालवणाऱ्यांना ठाऊकच नव्हते, आणि बदलायचे ठरवल्यावर ते थोड्याच दिवसांत बदलले गेले. खरा प्रश्न त्याखाली होता. जुन्या औष्णिक आणि जलविद्युत केंद्रांत शेकडो टनांची फिरती यंत्रे असतात. ग्रिडला धक्का बसला की त्यांचा जडत्वाचा साठा पहिले काही सेकंद वारंवारता, म्हणजे विजेच्या प्रवाहाचा ठेका, सावरून धरतो. ही सेवा फुकट मिळत होती म्हणून तिचे मोल कोणी केले नव्हते. केंद्रे बंद झाली की ती सेवाही जाते आणि मग ती वेगळी विकत घ्यावी लागते. दक्षिण ऑस्ट्रेलियाने तेच केले. 2017 च्या अखेरीस हॉर्न्सडेल इथे 100 मेगावॉटची बॅटरी आली, 2021 मध्ये चार मोठे सिंक्रोनस कंडेन्सर बसले. इंधनाशिवाय नुसती फिरत राहून ग्रिडला आधार देणारी ही यंत्रे आहेत. आज त्या राज्याची वर्षभराची सुमारे 70 टक्के वीज वारा आणि उन्हातून येते.

स्पेन आणि पोर्तुगाल 28 एप्रिल 2025 ला दुपारी साडेबाराच्या सुमारास अंधारात गेले, तेव्हा कारण वेगळे होते: व्होल्टेज वाढत गेले आणि ते खाली आणण्याची पुरेशी व्यवस्था हाताशी नव्हती. व्होल्टेज आवरण्याचे काम मुख्यतः पारंपरिक केंद्रांवर सोपवलेले होते. सौर प्रकल्पांचे इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज ग्रिडजोगी करणारी उपकरणे, ते काम करू शकतात, पण नियमांनी त्यांना ठरावीक प्रमाणावर बांधून ठेवले होते. उपकरणे बसली होती, फक्त त्यांना काम सांगणारा नियम जुना होता. म्हणून माझा आग्रह असतो की ग्रिड संहिता, म्हणजे जोडणी घेणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाने काय काय करायलाच हवे याची नियमावली, अगदी पहिल्या दोन वर्षांत बदलावी. या कामाला सिमेंट लागत नाही की जमीन लागत नाही, चार-सहा जाणकार माणसे लागतात. आणि एकदा 20,000 मेगावॉट जुन्या नियमाने बसले की ते पुन्हा उघडणे फार महाग पडते. आयर्लंडने हा मार्ग धीराने चालून दाखवला: कोणत्याही क्षणी ग्रिडमध्ये वारा, ऊन आणि एकदिश वाहिन्यांचा मिळून किती वाटा चालेल याची मर्यादा 50 टक्क्यांवरून पायरीपायरीने, प्रत्येक पायरी आधी चाचणी घेऊन, 2022 पर्यंत 75 टक्क्यांवर नेली.

सूर्यास्ताचा प्रश्न सगळ्यांना माहीत आहे, तरी नियंत्रण कक्षात तो कसा दिसतो ते सांगतो. दुपारी औष्णिक संच कमीत कमी भारावर घुटमळत असतात. ते पूर्ण बंद करता येत नाहीत, कारण पुन्हा पेटवायला कित्येक तास लागतात आणि तीन तासांनी त्यांचीच गरज लागणार असते. साडेचारनंतर सौर वीज उतरू लागते, नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, पंखे, चुली चालू होतात. दोन्ही रेषा एकमेकींपासून लांब जातात आणि मधली दरी दर मिनिटाला भरावी लागते. आधी जलविद्युत, मग वायू, मग हळूहळू वर येणारा कोळसा. कोणता संच मिनिटाला किती मेगावॉट चढतो हे पाठ असलेला माणूस त्या वेळी खुर्चीवर हवा. आणि संचांना क्षमतेच्या 55 टक्क्यांऐवजी 40 टक्क्यांपर्यंत खाली उतरता येईल असे बदल आधीच करून घेतलेले असावेत. हे बदल नव्या बॅटरीपेक्षा स्वस्त पडतात, पण त्यांची बातमी होत नाही.

बॅटऱ्यांनी या खेळाचे नियम बदलले आहेत, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. कॅलिफोर्नियात 2020 साली ग्रिडवर काहीशे मेगावॉट बॅटऱ्या होत्या, 2024 मध्ये त्या 10,000 मेगावॉटवर गेल्या आणि काही संध्याकाळी त्याच सर्वांत मोठा स्रोत ठरल्या. चार तासांच्या दरीसाठी आता दुसरे काही शोधायची गरज नाही. आठ-दहा तासांसाठी मात्र, जिथे डोंगर आणि पाणी आहे तिथे उदंचन प्रकल्प अजून चांगला, कारण तो पन्नास-साठ वर्षे चालतो. वेल्समधले डिनॉर्विग 1984 पासून चालू आहे आणि गरज पडल्यास काही सेकंदांत हजार मेगावॉटच्या वर वीज देते.

पण साठवण्याआधी मागणी हलवून पाहावी. फ्रान्समध्ये लाखो घरांतल्या पाणी तापवण्याच्या टाक्या अनेक दशके रात्री चालत आल्या आहेत, कारण रात्रीची अणुवीज स्वस्त होती. आता दुपारी सौर वीज जास्त झाल्यावर, 2025 च्या नोव्हेंबरपासून तिथे सवलतीचे काही तास दुपारकडे सरकवले जात आहेत. घरातल्या माणसाला काहीच करावे लागत नाही, पाणी गरमच मिळते. सिंचनाचे पंप, शीतगृहे, गाड्यांचे चार्जिंग, पाणीपुरवठ्याच्या टाक्या भरणे, ही सगळी अशीच कामे आहेत. दर वेळेनुसार ठेवले आणि मीटर त्याला साजेसे बसवले की पुष्कळ साठवण वाचते.

पंचवीस-तीस वर्षे म्हणजे पाच-सहा निवडणुका. त्यात धोरण टिकवायचे कसे, याचे उत्तर अभियंत्याकडे नसते, पण उरुग्वेकडे आहे. 2008 साली तिथले ऊर्जा संचालक रामोन मेंदेस यांच्या पुढाकाराने दीर्घकालीन धोरण आखले गेले. 2010 मध्ये संसदेतल्या सगळ्या पक्षांनी त्यावर सहमती केली. मग लिलाव झाले, सरकारी वीज कंपनीने वीस वर्षांचे करार केले, आणि विरोधक सत्तेवर आले तरी करार मोडणार नाहीत हे दिसल्यावर परदेशी भांडवल कमी व्याजाने आले. साधारण दहा वर्षांत पवनऊर्जा जवळजवळ शून्यावरून देशाच्या विजेच्या सुमारे एक तृतीयांशावर पोचली आणि जलविद्युत, जैवभार धरून नवीकरणीय वाटा 90 टक्क्यांच्या पुढे गेला. वारा आणि ऊन यांना इंधनखर्च नसतो, सगळा खर्च सुरुवातीला असतो. त्यामुळे विजेचा दर जवळजवळ व्याजदरावर ठरतो, आणि व्याजदर सरकारच्या शब्दावर किती विश्वास आहे त्यावर. सर्वपक्षीय सहमतीला मी म्हणूनच खर्चाच्या रकान्यात धरतो.

डेन्मार्कने लोकांनाच मालक केले. 1973 च्या तेलसंकटात तो देश जवळजवळ सर्वस्वी आयात तेलावर होता. 1991 मध्ये विंडेबीला समुद्रातली जगातली पहिली पवनशेती उभी राहिली, अकरा चक्क्यांची, जेमतेम 5 मेगावॉटची. कोपनहेगनजवळच्या मिडलग्रुंडनच्या 20 चक्क्यांपैकी निम्म्या हजारो सामान्य भागधारकांच्या सहकारी संस्थेच्या आहेत. जिथे लोकांचा वाटा असतो तिथे चक्कीचा आवाज कमी ऐकू येतो, हे मी अनेक प्रकल्पांवर पाहिले आहे. शिवाय नॉर्वे-स्वीडनच्या धरणांशी समुद्राखालून जोडलेल्या तारा डेन्मार्ककडे 1970 च्या दशकापासून किंवा त्याआधीपासून होत्या. ज्या देशाला शेजारी नाहीत किंवा शेजाऱ्यांशी पटत नाही, त्याने डेन्मार्कचे आकडे आपल्याला तसेच लावू नयेत.

कोळशाच्या गावांबद्दलही बोलायला हवे. जर्मनीने 2018 मध्ये कामगार संघटना, उद्योग, पर्यावरणवादी आणि खाणपट्ट्यातले लोक यांना एका आयोगात बसवले, 2038 ही शेवटची मुदत ठरवली आणि त्या भागांसाठी 40 अब्ज युरो राखले. ब्रिटनमध्ये 2012 साली सुमारे 40 टक्के वीज कोळशाची होती, आणि 30 सप्टेंबर 2024 ला रॅटक्लिफ-ऑन-सोर इथले शेवटचे केंद्र बंद झाले. तारीख कित्येक वर्षे आधी जाहीर असल्यामुळे तिथल्या कामगारांना दुसरी कामे शोधायला, शिकायला वेळ मिळाला. औष्णिक केंद्रातले टर्बाइन, उच्चदाब आणि संरक्षण प्रणाली जाणणारे लोक आपल्याला पुढेही हवे आहेत. त्यांना घरी पाठवून दहा वर्षांनी तीच कौशल्ये शोधत फिरणे हा निव्वळ तोटा आहे.

हे सगळे फक्त विजेबद्दल झाले. जगाच्या एकूण अंतिम ऊर्जावापरात वीज साधारण पाचवा हिस्सा आहे. बाकीचे तेल, वायू आणि कोळसा वाहनांत, भट्ट्यांत, घरे तापवण्यात जळतो. त्यातले जे विजेवर येईल ते मागणी वाढवणार, म्हणजे वाहिन्यांचा हिशेब आजच्या मागणीवर केला तर तो पहिल्याच दिवशी कमी पडतो.

वीज पूर्ण नवीकरणीय करताना शेवटचे पाच-दहा टक्के सर्वांत अवघड आहेत आणि तिथे आत्ताच अडून बसू नये, असे माझे मत आहे. 2024 मध्ये जर्मनीत 457 तास विजेचा घाऊक दर शून्याच्या खाली होता, म्हणजे वीज घेणाऱ्यालाच पैसे मिळत होते, आणि त्याच वर्षी 12 डिसेंबरच्या संध्याकाळी, वारा पडलेला, सूर्य नाही अशा वेळी, तो मेगावॉट-तासाला 900 युरोंच्या वर गेला. अशा सलग थंड, वारा नसलेल्या आठवड्यांसाठी चार तासांची बॅटरी पुरत नाही. धरणांत पाणी राखणे, शेजाऱ्यांकडून घेणे, हायड्रोजन किंवा जैववायू साठवणे असे मार्ग आहेत, आणि ते तयार होईपर्यंत काही वायू केंद्रे चालू स्थितीत ठेवावी लागतील. ती वर्षाला काहीशे तासच चालणार, म्हणून युनिटमागे पैसे देऊन त्यांचा पगारही निघणार नाही. त्यांना तयार राहण्याचे पैसे द्यावे लागतात. ब्रिटनने त्यासाठी 2014 मध्ये क्षमतेचे लिलाव सुरू केले: चार वर्षांनंतरच्या हिवाळ्यात कोण हजर राहील याची बोली आज लागते, आणि बोलावल्यावर जो वीज देत नाही त्याला दंड बसतो.